आमच्या दप्तरांतील राणी

ज्युबिलीच्या या स्मरणपुस्तिकेसाठीं आपल्या मुंबई बेटाच्या पूर्वेतिहासाविषयीं चार शब्द लिहावे, अशी विनंति झाल्यावरून आम्ही जुनीं दप्तरें चाळूं लागलों. मुंबई म्हणजे एका राणीचें आंदण, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तेव्हां त्या राणीची कांहीं खूण येथें उरली आहे काय, हें पाहावें असें मनांत आलें.

ती राणी ब्रागांझा घराण्याची कॅथरिन. तिचा जन्म २५ नोव्हेंबर १६३८ रोजीं, आलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशीं झाला, व तेंच नांव तिला मिळालें. इ. स. १६४० त पोर्तुगालनें स्पेनची सत्ता झुगारून दिली होती. त्या स्वातंत्र्याच्या रक्षणासाठीं बलाढ्य मित्र हवा होता. म्हणून राज्यकारभार पाहणारी तिची माता, राणी लुईझा, हिनें इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशीं सोयरीक जुळविली. २३ जून १६६१ च्या तहान्वयें मोठी रोकड, आफ्रिकेंतील टँजीर बंदर व आपलें बेट हीं इंग्लंडच्या राजास मिळावयाचीं ठरलीं.

गोव्याचें दप्तरखानें इ. स. १५९५ त स्थापन झालें. लिस्बन व गोवा यांमधील जो पत्रव्यवहार तेथें आहे, त्याच्या ग्रंथांस ‘मान्सूनचीं पुस्तकें’ म्हणतात. कारण पत्रें नेणारीं गलबतें वाऱ्याच्या ऋतूवर चालत. विजरई आंतोनिओ द मेलो ई कास्त्रो याचा या आंदणास कडवा विरोध होता. तो त्यानें जानेवारी १६६५ मध्यें आपल्या राजास स्पष्ट कळविला. बेट ताब्यांत घेण्यास आलेला सर अब्राहम शिपमन वाट पाहतां पाहतां अंजदीव बेटावर वारला. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजीं हंफ्री कुक यानें ताबा घेतला; तो लेख या बेटाची धनीण, दोना इग्नेझ द मिरांदा नांवाची विधवा, हिच्या घरीं झाला. राणीचें आंदण एका विधवेच्या घरीं हातचें गेलें! पुढें तीन वर्षांनीं, १६६८ त, राजानें हें बेट वर्षाला दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकिलें.

त्या तहांतील एका कलमाचा मात्र आपणांस विसर पडूं नये. बेटावरील रहिवाशांस रोमन कॅथलिक धर्म पूर्वीप्रमाणें मोकळेपणीं पाळूं द्यावा, असें त्यांत लिहिलें होतें. इ. स. १७२० त कंपनीनें पोर्तुगीज पाद्रींस बेटाबाहेर घालविलें व त्यांच्या जागीं कार्मेली धर्मगुरु आणिले. तरी देवळांतील उपासना खंडली नाहीं.

दुसरी राणी व्हिक्टोरिया. तिच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, १८८७ त, आपल्या पूर्वजांनीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें. या दोघींपैकीं एकीनेंही या भूमीवर कधीं पाऊल ठेविलें नाहीं. एकीच्या तहांत आपल्या श्रद्धेस अभय मिळालें, दुसरीच्या उत्सवांत आपणांस नांव मिळालें. उरलें तें सर्व कागदावर.

मग आम्ही आपल्याच देवळाची बाप्तिस्म्याची वही उघडिली. तींत कातारिना नांवाच्या कितीतरी मुली सांपडल्या: कोळ्याच्या, सुताराच्या, माळ्याच्या. राणीस व ह्या कन्यांस नांव लाभलें तें संतमालिकेंतूनच. राणीचें नांव जपण्यास राजवाडे व दप्तरखानीं आहेत. ह्या कातारिनांस हें एकच पान आहे.

आणि तें पानही आम्ही नीट राखिलें नाहीं, हें कबूल करणें प्राप्त आहे. एका पावसाळ्यांत कपाटावर पाणी गळलें व कांहीं पानांचा लगदा झाला. पुढें एक वृद्ध गृहस्थ आपल्या पणजीची नोंद शोधीत आले. ती त्याच पानांत होती. ते कांहीं न बोलतां परतले. तो प्रसंग आम्हांस अजून टोंचतो.

म्हणून ज्युबिलीच्या निमित्तानें आमची एवढीच विनंति आहे: आपल्या घरच्या पेटींतील जुने खरेदीखत, लग्नाची पत्रिका, आजीचें छायाचित्र, जें असेल तें वाळवीच्या स्वाधीन करूं नका. देवळांत आणा, त्याची नक्कल करून मूळ कागद परत देऊं. ज्याच्या जीवनग्रंथांत एकही नांव पुसलें जात नाहीं, तो प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.