घरात शिरलेला हेर

हेर ओळखणे ही राज्यकर्त्यांची विद्या, अशी आपली जुनी समजूत आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तपस्वी, व्यापारी, शेतकरी अशी सोंगे घेतलेल्या हेरांचे वर्णन आढळते. आज ही विद्या चौसाळ्यासारख्या गावातील गृहस्थालाही शिकावी लागणार आहे, असे आम्हांस वाटते. कारण बँकेचे व्यवहार, जमिनीचे उतारे नि मुलांच्या गुणपत्रिका आता घरच्या संगणकात असतात.

या उपद्रवाचा इतिहास फार जुना नाही. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीबरोबर देशोदेशी पोचला. पुढल्या दशकात आपल्याकडेही दोघे भाऊच पुढे आले, पण ते उतारा शोधण्यासाठी. सातारा जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबातील कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून पुण्यात रेडिओ व कॅल्क्युलेटर दुरुस्त करू लागले. पुढे त्यांच्याकडे दुरुस्तीला संगणक येऊ लागले, तेव्हा बिघाडाचे मूळ पुष्कळदा विषाणूच असे. धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रणाली लिहिली. तीच पुढे ‘क्विक हील’ म्हणून नावारूपास आली.

तेव्हाचे काही विषाणू गाजावाजा करीत. एकाच्या प्रभावाने पडद्यावरील अक्षरे पानांसारखी गळून पडत. पुढे चोराने चाल बदलली. हेर-प्रणाली काही मोडत नाही. ती मुकाट बसून दाबलेली अक्षरे आणि पासवर्ड टिपते नि धन्याकडे पाठवते. ४ मे २००० रोजी प्रेमपत्राच्या मिषाने जगभर एक ईमेल पसरले, त्यामागेही पासवर्ड चोरण्याची योजना होती. पत्र मात्र लोकांनी आपल्याच हातांनी उघडले होते.

१२ मे २०१७ चे ‘वॉनाक्राय’ दुसरा धडा देते. त्याने शिरण्यासाठी वापरलेली फट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर बसवली, त्यांच्या संगणकातील ही फट तरी बुजली. आळस करणाऱ्यांचे दार उघडेच राहिले.

तात्पर्य, विषाणूरोधक प्रणाली हवीच. परंतु दुरुस्त्या वेळेवर बसवाव्या, फुकटच्या चोरट्या प्रणालींचा मोह टाळावा आणि महत्त्वाच्या कागदांची एक प्रत संगणकापासून वेगळी ठेवावी. गावची वेस कितीही भक्कम असो, तिचा दिंडी दरवाजा आतल्या माणसानेच उघडला, तर वेशीला दोष देऊन उपयोग काय?