मार्ग आधीच आखून ठेवणारे जाळे

आय.बी.एम.ने सप्टेंबर 1974 मध्ये ‘सिस्टिम्स नेटवर्क आर्किटेक्चर’, म्हणजे एस.एन.ए., जाहीर केले. तोवर मेनफ्रेमला जोडलेले टर्मिनल बहुधा एकाच प्रोग्रामच्या मालकीचे असे. दोन प्रोग्राम वापरायचे तर दोन टर्मिनले आणि दोन भाड्याच्या लाइनी घ्याव्या लागत. एस.एन.ए.ने ही मालकी काढून मेनफ्रेमवरच्या व्हीटॅम या सॉफ्टवेअरकडे सोपवली. टर्मिनलने मागणी करायची आणि व्हीटॅमने हव्या त्या प्रोग्रामशी सेशन जोडून द्यायचे, अशी ही रीत होती. या जाळ्याबद्दल आता एकच गोष्ट सांगितली जाते: तिथे सगळे आधी हाताने लिहून ठेवावे लागे, म्हणून ते मागे पडले. हे अर्धेच खरे आहे, आणि त्यामुळे एका मोठ्या कामगिरीवर अन्याय होतो.

आधी लिहून ठेवायच्या गोष्टी दोन होत्या आणि त्या एकमेकींपासून अगदी निराळ्या होत्या. पहिली म्हणजे वाटांचा नकाशा. प्रत्येक मेनफ्रेम आणि लाइनी सांभाळणारा 3705 सारखा प्रत्येक कंट्रोलर हा जाळ्याचा एकेक ‘सबएरिया’ असे. 1980 च्या सुमारास दोन सबएरियांमध्ये आठ प्रत्यक्ष मार्ग आखता येऊ लागले आणि त्यांच्या आधाराने आठ आभासी मार्ग, प्रत्येक आभासी मार्गाला तीन अग्रक्रम. प्रत्येक ठिकाणच्या तक्त्यात फक्त पुढचा टप्पा लिहिलेला असे. त्यामुळे नवा मार्ग काढायचा तर वाटेतला प्रत्येक तक्ता बदलायचा, परतीची वाटही तशीच बांधायची आणि अनेकदा कंट्रोलरचा प्रोग्राम नव्याने तयार करून भरायचा. दुसरी गोष्ट म्हणजे सेवेचा वर्ग. सेशनच्या मागणीबरोबर एका मोडचे नाव जाई. संदेशाचा तुकडा केवढा असावा, समोरून होकार येण्याआधी किती तुकडे पाठवावेत आणि हे सेशन कोणत्या वर्गातले, हे त्या मोडवरून ठरे. वर्गापुढे आभासी मार्गांची पसंतीक्रमाने यादी असे आणि तिच्यातला पहिला उपलब्ध मार्ग सेशनला मिळे. म्हणून खात्यातली शिल्लक विचारणारा संदेश आणि रात्रीच्या अहवालांचे भारे एकाच लाइनवर आले, तरी कोणी थांबायचे याचा निर्णय आधीच झालेला असे.

यावर आक्षेप येतो तो अर्पानेटचा. स्वतः वाट शोधणारे जाळे अमेरिकेत 1969 मध्येच उभे राहिले होते, मग हा खटाटोप कशाला? पण अर्पानेटच्या लाइनी 50 किलोबिटच्या होत्या आणि तिथले बहुतेक वापरणारे संशोधक होते. एस.एन.ए.च्या टर्मिनलांना सेकंदाला 2400 ते 9600 बिटांच्या लाइनींवर भागवावे लागे. 3270 टर्मिनलचा एक भरलेला पडदा म्हणजे 1920 अक्षरे. तो 9600 बिटांच्या लाइनवर दीड सेकंदाहून जास्त आणि 2400 वर सहा सेकंदांहून जास्त वेळ खाई. इतक्या टंचाईत कोणाचा संदेश आधी जाईल हे नशिबावर सोडणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. गर्दी दिसली की आभासी मार्गावरचा ओघ आपोआप आवरण्याची सोयही याच जाळ्यात होती. इंटरनेटवरच्या टीसीपीच्या जगाला ही गरज ऑक्टोबर 1986 मध्ये फार कठोरपणे कळली. बर्कलेत अवघ्या 400 यार्डांवरच्या दोन संस्थांमधला वेग 32 किलोबिटांवरून 40 बिटांवर कोसळला आणि त्यावरचा व्हॅन जेकबसनचा उपाय 1988 मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरा आक्षेप मक्तेदारीचा आहे आणि तो खोडून काढता येत नाही. 1984 मध्ये युरोपीय आयोगासमोर आय.बी.एम.ला एस.एन.ए.ची माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याची हमी द्यावी लागली. त्यातून कंपनीचे हेतू दिसतात. रचना चुकीची होती असे मात्र सिद्ध होत नाही. रचनेतला खरा दोष नकाशात होता. आभासी मार्ग तुटला की त्यावरची सेशने तुटत, आणि जाळे वाढले की तक्ते माणसांच्या आवाक्याबाहेर जात. हा दोष आय.बी.एम.नेच दूर करायला घेतला. 1986 मध्ये सिस्टिम/36 या तिच्याच संगणकावर आलेल्या एपीपीएन या एस.एन.ए.च्या नव्या रूपात मार्गांचे तक्ते गेले. जाळ्याचा आकार मशिनेच एकमेकांना कळवू लागली आणि सेशन जोडताना वाट काढू लागली. सेवेचे वर्ग मात्र राहिले, परस्परसंवादासाठी वेगळे आणि घाऊक कामांसाठी वेगळे. जे टाकले आणि जे राखले त्यावरूनच दिसते की हाताने आखलेला नकाशा आणि सेवेच्या वर्गाने आधी दिलेला शब्द या दोन निराळ्या गोष्टी होत्या.

मग इंटरनेटचे आयपी का जिंकले? ऑप्टिकल फायबरमुळे लाइनींची टंचाई सरली आणि आयपी प्रत्येक युनिक्स मशिनबरोबर आयतेच येऊ लागले. पण मेनफ्रेमवरचे जुने प्रोग्राम त्यांच्या सेशनांसकट चालूच राहिले. मे 1998 मध्ये एस.एन.ए.ची वाहतूक आयपीवरून नेण्याची पद्धत आरएफसी 2353 म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात 12000 ते 12004 असे पाच यूडीपी पोर्ट नेमले आहेत: एक जोडणीच्या संकेतांसाठी आणि बाकीचे चार प्रत्येकी एका अग्रक्रमासाठी, म्हणजे मधल्या राउटरांनाही तातडीचे कोणते आणि थांबू शकणारे कोणते हे ओळखता यावे.