उभ्या गाडीचं तेल: किलोमीटरच्या नियमात वर्ष कुठून आलं?

गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत इंजिन ऑइलपुढे दोन आकडे असतात. इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते. किलोमीटरवर कुणी वाद घालत नाही. महिन्यांचं मात्र आपल्या ब्रह्मपुरीत कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "गाडी चाललीच नाही तर तेल कशाला बदलायचं? कंपनीला विकायचं असते म्हणून लिहितात."

पीएचडीची तयारी करणाऱ्यांनी या आकड्याकडे जरा थांबून बघावं असं मला वाटतं. वाचन सुरू केलं की असे बरेच आकडे भेटतात. सगळे वापरतात, पण कारण कुणाला आठवत नाही. असा आकडा दिसला की त्याची वंशावळ शोधायची. म्हणून आज हा एक.

उभ्या गाड्यांचा आपल्या भागात तोटा नाही. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आसपास सरतो. पुढे पावसाळाभर वडशाच्या नाटक मंडळ्यांच्या गाड्यांना फारसं काम नसतं. धानाची चिखलणी आणि रोवणी आटोपली की कित्येक ट्रॅक्टर कापणीपर्यंत आंगणात. 25 मार्च 2020 पासून तर अख्खा देशच उभा राहिला. मग एसटीचा संप झाला. 2021 च्या दिवाळीपासून 22 एप्रिल 2022 या उच्च न्यायालयानं दिलेल्या मुदतीपर्यंत राज्यभर हजारो बस आगारांत उभ्या होत्या. अशा काळात घरोघरी एकच सल्ला फिरतो: रोज दोन मिनिटं गाडी सुरू करून बंद करा. हा सल्ला तेलाच्या बाबतीत नेमका उलटा आहे, आणि ते कळायला 1930 च्या दशकात जावं लागतं.

तेव्हा मोटारींची सिलिंडरं फार लवकर झिजत, आणि थोडं थोडं चालणाऱ्या गाड्यांत जास्त. याचं एक स्पष्टीकरण सगळ्यांना पटलेलं होतं. उभ्या इंजिनात तेल खाली चेंबरमध्ये उतरतं, मग सुरू करताना पिस्टन कोरडा घासतो. ऐकायला अगदी बरोबर वाटतं, आजही गॅरेजमध्ये हेच ऐकू येतं. ब्रिटनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्ससाठी सी. जी. विल्यम्स यांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला आणि सिलिंडरच्या भिंतीचं तापमान हाच बदलता घटक धरला. भिंत थंड ठेवली की झीज झपाट्यानं वाढते, गरम असली की कमी होते, असं त्यांना दिसलं. म्हणजे मुख्य गुन्हेगार कोरडं घर्षण नव्हतं. जळणातून निघालेली वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन बसत होती, त्यात आम्लं विरघळत होती आणि लोखंड गंजत होतं. घासून जाणारं होतं ते आधीच कुरतडलेलं. 1940 मध्ये हे संशोधन एकत्र प्रसिद्ध झालं.

"एवढं पाणी येतं कुठून?" बारावीच्या रसायनशास्त्रात याचं उत्तर आहे. पेट्रोलऐवजी सोयीसाठी ऑक्टेन धरा. 114 ग्रॅम ऑक्टेन जळलं की 162 ग्रॅम पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण 740 ग्रॅम, म्हणजे त्यातून जवळपास एक लिटर पाणी! बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. थोडी रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये सरकते. अर्धा तास गाडी चालली की तेल चांगलं तापतं आणि हे पाणी पुन्हा उडून जातं. दोन मिनिटांत बंद केली तर ते तिथंच राहतं, सोबत थंड इंजिनात न जळलेलं थोडं पेट्रोलही. दुसऱ्या दिवशी त्यात आणखी भर. बॅटरीलाही दोन मिनिटांत काही फार मिळत नाही, उलट स्टार्टर खातो तेवढं भरून निघणं कठीण.

इथं ब्रह्मपुरीकरांचा एक खास गैरसमज निघतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर जातो, देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांच्या यादीत आपलं नाव येतं, त्यामुळे "उन्हानं तेल जळते" हे आपल्याला सहज पटतं. ढोबळ हिशोब करून बघा. तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. चालत्या इंजिनात तेल 97 अंशांवर आहे आणि उभ्या गाडीत 47 वर आहे असं धरलं तर फरक 50 अंशांचा, म्हणजे पाच वेळा दुप्पट. उन्हात उभ्या गाडीतलं तेल चालत्या गाडीच्या मानानं सुमारे 32 पट हळू ऑक्सिडाइझ होतं. शत्रू मे नाही. शत्रू जुलै-ऑगस्ट आहे, वैनगंगेकाठची दमट हवा आणि मधूनमधून चौकापर्यंत मारलेली एक चक्कर.

तेल बनवणाऱ्यांनी यावर काय केलं, तो इतिहास मोठा आहे, मी धावताच सांगतो. 1930 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत रिंगा चिकटू लागल्या, त्यातून तेलात डिटर्जंट मिसळणं सुरू झालं. पुढे हीच द्रव्यं अल्कधर्मी करून आम्ल मारायला वापरली गेली. तेलात हा साठा किती उरला ते आपण टीबीएन या आकड्यानं मोजतो, एकक मिलिग्रॅम केओएच प्रति ग्रॅम. मग शहरात थांबत-थांबत चालणाऱ्या गाड्यांत काळा चिकट गाळ सापडू लागला आणि तो तेलातच तरंगत ठेवणारी डिस्पर्संट आली. 1952 च्या एपीआय वर्गीकरणात पेट्रोल इंजिनांसाठी एमएल, एमएम आणि एमएस असे तीन वर्ग होते. एमएस म्हणजे खडतर वापर, आणि त्यात थांबत-थांबत चालवणंही धरलं होतं. घाटात माल ओढणारी आणि दुकानापर्यंत जाऊन येणारी गाडी एकाच वर्गात! मला हा सगळ्या गोष्टीतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

न चालणाऱ्या गाड्यांचा सगळ्यात मोठा मालक म्हणजे सैन्य. अमेरिकी सैन्यानं साठवणुकीतल्या इंजिनांसाठी एमआयएल-एल-21260 नावाचं वेगळं संरक्षक तेल ठरवलं. त्याच्या चाचण्यांमध्ये धातूची पट्टी दमट पेटीत ठेवतात, आणि तेल हायड्रोब्रोमिक आम्लाला कितपत निष्प्रभ करतं तेही बघतात. हेच आम्ल का? कारण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असे, ते इंजिनातून काढून न्यायला ब्रोमिनची संयुगं घालत, आणि ती जळून हे आम्ल बने. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं. चाचणीच्या आत असं एक जुनं इंधन गोठून बसलेलं असतं.

मग वर्षाचा नियमही असाच शिळा झालाय का? प्रश्न रास्त आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये 1 टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. 1 एप्रिल 2020 पासून, लॉकडाऊन लागून नुकताच आठवडा झाला होता तेव्हा, देशभर बीएस-6 इंधन आलं आणि मर्यादा झाली 10 पीपीएम. हजारपट कमी. सल्फ्युरिक आम्लाची भीती त्या प्रमाणात ओसरली. पण पाणी कमी झालेलं नाही, ते हायड्रोकार्बन जळण्यातूनच येतं. नायट्रोजनची आम्लं आहेत. आणि पेट्रोलमध्ये आता इथेनॉल आहे, ते पाण्याशी सहज मिसळतं. म्हणून माझं मत असं: गाडी खरंच एकदाही सुरू न करता वर्षभर झाकून ठेवली, तर बारा महिन्यांचा नियम जरा जास्तच सावध आहे. आठवड्यातून दोनदा पाच मिनिटं चालणाऱ्या स्कूटरला मात्र तो ढिला पडू शकतो. छापलेला एकच आकडा या दोन गाड्यांना एकच समजतो.

ट्रॅक्टर किंवा नाटकाची गाडी पावसाळ्यात उभी करायची असेल, तर तेल उभी करण्याआधी बदलायचं, काढताना नाही. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओल आधीच असते, ती चार महिने बेअरिंगांशी कशाला ठेवायची? आणि मधे सुरू करायचीच तर अर्धा तास रस्त्यावर चालवून आणायची.

तुमच्यापैकी कुणाला एमएस्सीच्या प्रोजेक्टला विषय हवा असेल तर तीन नमुने घ्या: रोज धावणाऱ्या, पूर्ण उभ्या आणि थोडं थोडं चालणाऱ्या गाडीतलं तेल. ऑइल एकाच ब्रँडचं आणि एकाच ग्रेडचं हवं, भरल्याची तारीखही शक्यतो तीच. गरम प्लेटवर थेंब टाका, तडतडला तर पाणी आहे. पाण्याचा नेमका आकडा कार्ल फिशरनं, साठा टीबीएनच्या टायट्रेशननं. नमुना जूनमध्ये एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा काढा, म्हणजे मधला पावसाळा पकडीत येतो.