खडकाळ किनाऱ्यावरून कृत्रिम आमिषाने पोलॅक पकडणे

खडकाळ किनाऱ्यावर उभे राहून काठी, रीळ आणि कृत्रिम आमिष यांच्या साहाय्याने पोलॅक हा मासा पकडणे हा ब्रिटन व आयर्लंडमधील हौशी मासेमारीचा एक रूढ प्रकार आहे. कॉर्नवॉल, वेल्समधील पेम्ब्रोकशायर व अँगलसी, स्कॉटलंडचा पश्चिम किनारा आणि आयर्लंडमधील केरी परगणा हे त्याचे परिचित प्रदेश होत. जिथे कड्याच्या पायथ्याशीच पाणी खोल असते, तिथे नौकेशिवायही हा मासा हाती लागतो.

मासा व त्याची नावे

पोलॅक (शास्त्रीय नाव : पोलॅकियस पोलॅकियस) हा कॉडच्या कुळातील मासा असून तो ईशान्य अटलांटिक महासागरात आढळतो. कोकण किनाऱ्यावर तो मिळत नाही. त्याची पाठ तपकिरी ते हिरवट व कुशी पितळी झाक असलेल्या असतात. पाठीवर तीन पर असतात. कॉडच्या हनुवटीवर दिसणारी मिशी मात्र याला नसते. खालचा जबडा वरच्यापेक्षा स्पष्टपणे पुढे आलेला असतो आणि अंगावरील पार्श्वरेषा छातीच्या परावर कमानीसारखी वाकते. कोलफिश हा त्याचा जवळचा नातलग त्याच खडकांवर सापडतो, परंतु त्याची पार्श्वरेषा फिकट व जवळजवळ सरळ असते. बाजारात ‘अलास्का पोलॉक’ म्हणून विकला जाणारा मासा उत्तर पॅसिफिकमधील असून तो वेगळ्या प्रजातीचा आहे. नावांचा हा गोंधळ जुनाच आहे. २००९ मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या दुकानसाखळीने, गिऱ्हाइकांना नाव उच्चारण्याचा संकोच वाटतो म्हणून, पोलॅकची विक्री ‘कोलँ’ या फ्रेंच नावाने सुरू केली होती.

अधिवास आणि सवय

या मासेमारीची सर्व रीत माशाच्या एका सवयीवर बेतलेली आहे. पोलॅक केल्प या मोठ्या तपकिरी समुद्रशैवालाच्या रानात, खडकांच्या कपारींजवळ आडोशाला राहतो आणि वरून जाणाऱ्या लहान माशांवर खालून झडप घालतो. मोठे डोळे व पुढे आलेला खालचा जबडा या शिकारीला साजेसेच आहेत. भक्ष्य तोंडात येताच तो वळतो आणि थेट तळाकडे, आपल्या आडोशाकडे सूर मारतो. काठी एकाएकी वाकते ती याच क्षणी. हा पहिला सूर रोखता आला नाही तर दोरी शैवालात गुंतते किंवा खडकावर घासून तुटते, आणि मासा तोंडात गळ घेऊनच निघून जातो. म्हणून रिळाचा ड्रॅग आधीच घट्ट ठेवतात व पहिले काही क्षण शक्यतो दोरी सोडत नाहीत. एरवी मोठा मासा गळाला लागल्यावर त्याला दोरी देऊन दमवण्याचा प्रघात असतो. इथे मात्र नवशिक्याचे नुकसान त्यानेच होते.

आमिषे व पद्धत

पोलॅकच्या खाद्यात सँडईल हा, वाळूत पुरून घेणारा, वामेसारखा लांबट लहान मासा महत्त्वाचा आहे. त्यामुळे बहुतेक आमिषे त्याच्याच आकाराची असतात. कॉर्नवॉलमधील मेव्हागिसी या बंदराशी निगडित असलेले ‘रेडगिल’ हे रबरी सँडईल यांतील प्रसिद्ध आमिष होय. त्याची शेपटी पाण्यात वळवळते. त्याखेरीज मऊ प्लास्टिकचे मासे, धातूच्या चकाकत्या पट्ट्या आणि पाण्यात बुडी मारणारे लाकडी वा प्लास्टिकचे मासेही वापरतात. शैवाल दाट असेल तिथे गळाचे टोक मऊ आमिषाच्या अंगातच लपवतात. मासा चावल्यावर ते बाहेर येते, शैवालात मात्र सहसा अडकत नाही. शिशाचे वजन वेगळे लावायचे असल्यास ते मुख्य दोरीपेक्षा कमकुवत दोरीने बांधतात, म्हणजे ते खडकात अडकले तर तेवढेच तुटते.

आमिष दूर फेकल्यावर ते बुडू देतात व मनात आकडे मोजतात. तळाला टेकेपर्यंत किती आकडे झाले हे एकदा कळले, की पुढच्या वेळी त्याच्या थोडे आधी रीळ फिरवू लागायचे. आमिष शैवालाच्या शेंड्यांवरून संथ, एकसारख्या गतीने ओढतात. पोलॅक पुष्कळदा त्याचा पाठलाग करीत अगदी खडकापर्यंत येतो. म्हणून शेवटच्या काही हातांतही गती बदलू नये व आमिष घाईने उचलू नये. पहाट आणि सायंकाळ या वेळा उत्तम मानल्या जातात. प्रकाश मंदावला की मासा आडोसा सोडून वर येतो.

सुरक्षितता

खडकावरील खरा धोका वाऱ्यापेक्षा दूरच्या वादळातून येणाऱ्या लांब लाटांचा असतो. किनाऱ्यावर हवा शांत असतानाही अशी एखादी लाट नेहमीच्या लाटांच्या बरीच वर चढते. म्हणून आधी उंचावर थांबून समुद्राचे काही काळ निरीक्षण करतात, पाण्याकडे पाठ करीत नाहीत आणि जीवरक्षक जाकीट घालतात. उधाणाच्या भरतीत परतीची वाट बुडू शकते. मासा वर घेण्यासाठी खालच्या ओल्या पायरीवर उतरणे हे अपघाताला आमंत्रण होय. त्याऐवजी दोराने सोडलेले जाळे वापरावे. ब्रिटनमध्ये अशा संकटात ९९९ वर दूरध्वनी करून तटरक्षक दलाची मदत मागतात.

घटता साठा

इंग्लिश खाडी व केल्टिक समुद्रातील पोलॅकचा साठा इतका खालावला, की आंतरराष्ट्रीय सागरी संशोधन परिषदेने २०२४ सालासाठी तेथे शून्य पकडीचा सल्ला दिला. त्यानंतर व्यावसायिक मासेमारीस केवळ अन्य माशांबरोबर अनाहूत येणाऱ्या पोलॅकपुरती मुभा उरली. हौशी मासेमारांवरही काही भागांत मर्यादा आल्या असून त्या देशागणिक निराळ्या आहेत. आपण होऊन मासे परत सोडणारेही अनेक आहेत. या बाबतीत किनाऱ्यावरील मासेमारीची बाजू थोडी उजवी ठरते. खोल पाण्यातून झपाट्याने वर ओढलेल्या पोलॅकचे वाताशय फुगते व सोडूनही तो बहुधा जगत नाही. खडकालगतच्या उथळ पाण्यातील माशाला ही इजा कमी होते. त्यासाठी काटा नसलेला एकच गळ वापरणे, हात ओले करून मासा धरणे आणि त्याला खडकावर न आपटू देणे आवश्यक असते. उंच कड्यावरून मासा खाली फेकल्यास मात्र सोडण्याला फारसा अर्थ राहत नाही.