काविळीचा विषाणु आणि यकृताचीं प्रथिनें

कावीळ हा रोग महाराष्ट्रांतील घरांस नवा नाहीं. परंतु प्रत्येक काविळीचें मूळ एकच नव्हे, हें कळावयास फार काळ लागला. इ. स. १९५५ च्या नोव्हेंबरांत दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यांत मैला मिसळला आणि पुढें सुमारें २९,००० लोकांस कावीळ झाली. ही नेहमींच्या 'हिपॅटायटिस ए'चीच सांथ, अशी समजूत पुढें पंचवीस वर्षें टिकली. १९८० सालीं त्या वेळीं जपून ठेवलेल्या रक्तद्रवाची तपासणी झाली. पुण्यांतील १९७८-७९ च्या सांथीचे नमुनेहि तींत होते. दोन्हीं शहरांचा शत्रु निराळाच निघाला. १९८३ सालीं बालायान नांवाच्या सोव्हिएट शास्त्रज्ञानें रोग्यांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन करून तो विषाणु दाखवून दिला. त्यालाच आतां 'हिपॅटायटिस ई' म्हणतात. गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहींत ही कावीळ झाल्यास शेंकडा २० ते २५ स्त्रिया दगावूं शकतात.

या विषाणूची सारी संपत्ति म्हणजे सुमारें ७,२०० अक्षरांचा एक मजकूर. एवढ्या भांडवलावर स्वतंत्र संसार होत नाहीं. म्हणून तो यकृताच्या पेशींत शिरतो आणि यजमानाचींच प्रथिनें राबवितो. पेशींतील मालाची ने-आण करणारें 'टीएसजी १०१' हें प्रथिन त्याला बाहेर पडण्याची वाट करून देतें.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतून २०१८ सालीं प्रसिद्ध झालेलें संशोधन याहून नवलाचें आहे. थ्रॉम्बिन व 'फॅक्टर दहा-ए' हीं रक्त गोठविणारीं प्रथिनें. त्यांचीं मूळ रूपें यकृतांतच तयार होतात. जखमेंतील रक्त थांबविणें हें त्यांचें काम. प्रयोगशाळेंत वाढविलेल्या पेशींत त्यांचें कार्य रोखतांच विषाणूची वाढ खुंटली. विषाणु आपलें एक लांबलचक प्रथिन प्रथम अखंड घडवितो. तें कापून कामाचे तुकडे करण्यास हींच प्रथिनें कात्रीसारखीं उपयोगीं पडत असावींत, असा संशोधकांचा तर्क आहे.

मग ही कात्री काढून घेतली तर? येथेंच खरी अडचण आहे. ती विषाणूची नसून रोग्याची आहे. रक्त गोठण्याची शक्ति हिरावून घेणें, तेंहि प्रसूति जवळ आलेल्या स्त्रीची, म्हणजे एका संकटांतून काढून दुसऱ्यांत लोटणें होय. रोग्याचें रक्त गोठूं द्यावें, पण विषाणूचा हात मात्र कात्रीपर्यंत पोंचूं देऊं नये, असें औषध शोधावें लागेल. तोंपर्यंत स्वच्छ पाणी हाच मोठा आधार. शंका असल्यास तें उकळून प्यावें, आणि घरांत गर्भवती असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी.