पोलीस ॲक्शन आणि सीमाभागाचे मौन

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्द वारंवार येतो. सन १९४८ च्या सप्टेंबर महिन्यात, १३ तारखेस, भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. सोलापूरकडील मुख्य फौज नळदुर्ग, राजेश्वर, हुमनाबाद ह्या वाटेने पुढे सरकली, आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. वस्तुतः ही लष्करी मोहीम. तिला पोलिसी कारवाई म्हणणे हे सरकारच्या राजकीय सोयीचे होते. परंतु लोकांनी ते नाव इतके आपलेसे का केले? माझ्या मते, त्या सौम्य नावाआड पुष्कळ काही झाकता येत होते.

काय झाकावयाचे होते? आधीची वर्षभराची कहाणी रझाकारांच्या दहशतीची. लातूरचे वकील कासीम रझवी ह्यांच्या त्या संघटनेने खेडोपाडी लूट, जाळपोळ आणि खून केले. बीदर जिल्ह्यातील गोरटा गावी मे १९४८ मध्ये झालेली कत्तल आजही लोकांच्या तोंडी आहे. शेकडो कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूर जिल्ह्यात गेली. पुढे फौज आली, आणि चक्र उलटे फिरले. ज्यांनी रझाकारांना कधी थाराही दिला नव्हता, असे असंख्य मुसलमान त्यांच्याच शेजाऱ्यांच्या हातून मारले गेले. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री ह्यांनी भारत सरकारच्या सांगण्यावरून २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ ह्या काळात संस्थानातील नऊ जिल्हे पाहिले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक होरपळले, असे त्यांनी नोंदविले. ह्या चार जिल्ह्यांत किमान १८,००० आणि एकंदर संस्थानात २७,००० ते ४०,००० माणसे मेली, असा त्यांचा अंदाज होता. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. त्याचे काही भाग मध्यंतरी बाहेर आले; दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो सर्वसामान्य वाचकास पाहावयास मिळाला तो २०१३ मध्ये.

राज्यकर्त्यांनी अहवाल कपाटात ठेवला, आणि घराघरांतून माणसांनी स्मृती कपाटात ठेवली. पहिल्या गोष्टीबद्दल टीका पुष्कळ झाली आहे. मला बोलावयाचे आहे ते दुसऱ्या गोष्टीबद्दल.

जो घाव एकदाच बसतो आणि जो महिनोन् महिने, सुटकेचा मार्ग नसताना, ओळखीच्याच माणसांकडून बसत राहतो, त्या दोहोंत फरक आहे. अमेरिकेतील वैद्य ज्यूडिथ हर्मन ह्यांनी १९९२ मध्ये हा फरक मांडला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये संमत केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. ह्या दुसऱ्या आघातात भयाची स्वप्ने तर असतातच. त्यांखेरीज भावना आवरत नाहीत, माणसांचा विश्वास वाटत नाही, आणि ‘मी कवडीमोलाचा आहे, दोष माझाच आहे’ ही समजूत मनात घर करते. रझाकारांचे ते वर्ष आणि त्यामागून आलेला सप्टेंबर हे ह्या जातीचे होते.

ह्यातील शेवटचे लक्षण मला सर्वांत चमत्कारिक वाटते. ज्याचे घर जळले त्याने अपराधी का वाटून घ्यावे? आपण कडब्याच्या गंजीत लपलो म्हणून भाऊ गेला, आपण हाक मारली असती तर आई वाचली असती, असे आठ वर्षांच्या मुलाने जन्मभर का म्हणावे? स्कॉटलंडमधील मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबर्न ह्यांनी १९४३ मध्ये ह्याचे मार्मिक उत्तर दिले आहे. मूल दोष स्वतःकडे घेते, कारण त्यामुळे जग चांगले राहते. दोष माझा असेल तर मी सुधारीन आणि सारे ठीक होईल, एवढी तरी आशा उरते. जगच निर्दय आहे असे मानले तर आशेलाही जागा राहत नाही. अपराधाची भावना ही अशी त्या लहानग्याने स्वतःसाठी बांधलेली झोपडी असते. आमच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंना असा माणूस फार जुन्या काळापासून ठाऊक आहे: न केलेल्या पापाची कबुली तो पुन्हा पुन्हा देतो, आणि क्षमा मिळूनही त्याचे समाधान होत नाही.

विस्मरण, मौन, ‘आमच्या गावात काही झाले नाही’ असे ठासून सांगणे, ही सारी मनाची कवचे होत. ॲना फ्रॉइड ह्यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात ह्या कवचांची पद्धतशीर मांडणी केली. त्यांस भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. ज्या विधवेला त्याच गल्लीत, त्याच विहिरीवर, त्याच माणसांसमोर पाणी भरावयाचे होते, तिने बोलून काय केले असते? मौनाने तिला जगविले, तिची मुले वाढविली. अडचण पुढे येते. धोका टळून साठ वर्षे झाली तरी कवच उतरत नाही, आणि आत घुसमट चालूच राहते. ते ओरबाडून काढता येत नाही. त्याने आपले रक्षण केले हे आधी मान्य करावे लागते, आणि त्या लपलेल्या मुलाकडे आपण परक्या मुलाकडे जितक्या मायेने पाहू तितक्याच मायेने पाहावे लागते. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी ही आज्ञा आम्ही वर्गात शिकवितो. तिच्यातील ‘स्वतःसारखी’ ह्या शब्दावरून मात्र घाईने पुढे जातो.

येथे एक खबरदारी हवी. ही माया सोसणाऱ्याची आहे. ‘आधी त्यांनी केले’ असे म्हणून ज्यांनी तलवारी उचलल्या, त्यांचे ते वाक्यही एक कवचच होते. परंतु त्याखाली जे झाकले आहे त्याला माया पुरत नाही, त्याला जाब द्यावा लागतो. हा भेद सोडला तर करुणेच्या नावाखाली सारेच निर्दोष ठरतील. सुंदरलाल समितीने एक नोंद अशीही केली आहे की, हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान भाईबंदांचा जमावापासून बचाव केला, आणि त्यासाठी काहींनी प्राणही दिले. ‘त्या वेळी सारेच तसे वागले’ ही सबब ह्या एका नोंदीने खोटी ठरते.

हर्मन ह्यांनी बरे होण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणे. तिसऱ्यासाठी ह्या मुलखात जागा जुन्याच आहेत. कलबुर्गीला बंदे नवाजांचा दर्गा आहे. हुमनाबादजवळ माणिकनगर आहे, जेथे माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात सर्व मतांना एकत्र बसविणारा सकलमत संप्रदाय स्थापिला. दुसरा टप्पाच मध्ये राहून गेला. १९५६ मध्ये राज्ये नव्याने रचली गेली, बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले, मराठी की कानडी हा वाद पेटला, आणि शोक करावयास कोणास सवडच झाली नाही.

त्या वेळची दहा वर्षांची मुले आज नव्वदीच्या घरात आहेत. नातवंडांनी त्यांना विचारावे, पण कसे ते पाहावे. ‘तुम्ही तेव्हा काय केलेत?’ ह्या प्रश्नात नकळत आरोप असतो. वृद्ध गप्प होतात. ‘तेव्हा घरात कोण कोण होते?’ असे विचारले तर नावे येऊ लागतात. आजोबा गाईचे नाव सांगतील, अंगणातल्या लिंबाचे सांगतील, मध्येच थांबून चहा मागतील. चहा द्यावा. पुढचे नाव त्या दिवशी आले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसावे.