विश्वास, छबी

विश्वास, छबी : (जुलै १९०० – ११ जून १९६२). बंगाली चित्रपटांतील अग्रगण्य चरित्र-अभिनेते. मूळ नाव शचींद्रनाथ दे विश्वास. ‘छबी’ हे घरचे लाडके नाव व्यवसायातही कायम झाले. बंगालीत या शब्दाचा अर्थ चित्र असा होतो आणि बोलण्यात चित्रपट असाही, हा निव्वळ योगायोग. जन्म कलकत्त्याच्या सुखवस्तू घराण्यात. अन्नपूर्णार मंदिर (१९३६) हा त्यांचा पहिला चित्रपट. प्रतिकार (१९४४) व जार जेथा घर (१९४९) हे त्यांनी स्वतः दिग्दर्शित केले.

सबार उपरे (१९५५) मधील, न केलेल्या खुनापायी बारा वर्षे कारावास भोगलेला पिता आणि तपन सिंहांच्या काबुलीवाला (१९५७) मधील रहमत या भूमिका विशेष लोकप्रिय झाल्या. त्यांच्या वाचिक अभिनयात रंगभूमीचा भारदस्तपणा अखेरपर्यंत राहिला. तो गुण की दोष, याविषयी मतभेद आहेत.

सत्यजित राय यांच्या जलसाघर (१९५८) मधील जमीनदार विश्वंभर राय ही त्यांची सर्वश्रेष्ठ भूमिका होय. ताराशंकर बंदोपाध्यायांच्या कथेवरील या चित्रपटाचे बाह्यचित्रण मुर्शिदाबाद जिल्ह्यातील निमतिता येथील वाड्यात झाले. संगीत सतारवादक विलायत खाँ यांचे. बेगम अख्तर यांचे गायन आणि रोशनकुमारी यांचे कथ्थक ज्यात साक्षात अवतरते, अशा या चित्रपटात रसिकशिरोमणी शोभणाऱ्या या नटाला प्रत्यक्षात सुरांचे ज्ञान बेताचेच होते, असे सांगतात. तथापि लोडाला टेकून, हुक्क्याची नळी हाती धरून ऐकणारा त्यांचा विश्वंभर पाहताना जाणकारासही ही उणीव जाणवत नाही. अखेरच्या मैफलीत शेजारचा नवश्रीमंत सावकार महिम नर्तकीस बक्षिसी देण्यासाठी हात पुढे करतो, तोच विश्वंभर आपल्या काठीच्या मुठीने तो अडवतो आणि पहिल्या नजराण्याचा मान यजमानाचा असतो, हे त्यास ऐकवून तिजोरीतील शेवटच्या मोहरा तिच्यापुढे ठेवतो. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरील सरंजामी तोरा इतक्या अल्प हालचालीत अन्य कोणी साकारल्याचे प्रस्तुत लेखकास आठवत नाही.

रायांच्याच देवी (१९६०) मध्ये स्वप्नदृष्टान्तावरून सुनेस देवीचा अवतार ठरवणारा कालीकिंकर आणि दार्जिलिंग येथे चित्रित झालेल्या कांचनजंघा (१९६२) मध्ये कुटुंबावर हुकमत गाजवणारा रायबहादूर त्यांनी उभा केला. दादाठाकूर (१९६२) मध्ये त्यांनी विनोदी पत्रकार शरच्चंद्र पंडित यांची भूमिका केली.

रंगभूमी : कलकत्त्याच्या व्यावसायिक नाट्यगृहांतून दीर्घकाळ कामे केली.

अभिनयासाठी त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९५९) लाभला. कांचनजंघा प्रदर्शित होऊन जेमतेम महिना लोटला असता कलकत्त्यानजीक मोटार-अपघातात त्यांचे निधन झाले. त्यानंतर अशा व्यावसायिक कौशल्याची मागणी करणारी मध्यमवयीन पुरुषाची एकही भूमिका आपण लिहिली नाही, असे रायांनी पुढे नमूद केले आहे.